शून्य उंचीवरचा सांधा

बुधवार, ४ सप्टेंबर

दुरुस्ती: गेल्या आठवड्याच्या पानावर मी लिहिलं आहे की वाचन-गटाच्या खोलीत पाच खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. हे चूक आहे. सहा असतात. माणसं पाच, म्हणून मी खुर्च्याही पाच धरल्या. म्हणजे पाहिलं नाही, अंदाज केला. काल नीट पाहिलं. सहाव्या खुर्चीवर गटातल्या दोघी बहिणींपैकी धाकटीची पिशवी असते. तेव्हा सहावी खुर्ची पिशव्यांसाठी.

आधी दुरुस्ती आणि मग आजचं, ही आमच्या घरची पद्धत. अकरा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. आई रुग्णालयात पाळीवर, बाबा घरी बसून रेडिओ दुरुस्त करत. टेबलाच्या एका टोकाला त्यांचे उघडे पडलेले रेडिओ, दुसऱ्या टोकाला मी आणि दादा. रोज वहीतली पहिली ओळ कालच्या चुकीची. चूक नसेल तर बाबा म्हणायचे, "नीट शोध, असेल." आणि असायचीच. दादा या पद्धतीवर वैतागायचा. मला अजूनही त्याशिवाय पान सुरू करता येत नाही.

आज मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांनी, नवं काम दिलं. ग्रंथालयाचा पहिला मजला दुरुस्तीसाठी बंद होणार, किती दिवस ते कोणालाच माहीत नाही. आत्ता आपल्याकडे अठरा गट भरतात: बुद्धिबळ, विणकाम, नवी भाषा शिकणारे, नाटक वाचणारे, ज्येष्ठ मंडळ, असे. खाली जागा सात गटांपुरती.

"कुठले गट एकमेकांत सहज मिसळतील ते आकड्यांवरून सांग," मॅडम म्हणाल्या. "मी ठरवलं तर उद्या दारात भांडण. आकड्यांनी ठरवलं तर निदान आकड्यांशी भांडतील."

मी हसले. मग लक्षात आलं की त्या गंमत करत नव्हत्या.

हा अहवाल नीट झाला तर या महिन्याअखेर मला कायम करतील. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं नाही, पण "तुझ्या सहा महिन्यांच्या शेवटी हेच काम समोर असेल" असं म्हणाल्या.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दुरुस्ती: परवा 'दारात भांडण' असं लिहिलं. मॅडम 'दाराशी' म्हणाल्या होत्या.

दिवसभर तक्ता. प्रत्येक सदस्याची एक ओळ, प्रत्येक गटाचा एक रकाना. त्या गटात नाव असेल तर एक, नसेल तर शून्य. ऑगस्टअखेरची नोंदणी धरली आहे. एकच माणूस तीन-तीन गटांत असतो, त्यामुळे गट वेगळे डबे नसून एकमेकांवर पडलेली वर्तुळं आहेत. त्यातलं कोण कोणाच्या जवळ हे ठरवायचं, सगळ्यात जवळचे दोघे आधी जोडायचे, मग ती जोडी पुढच्याला, असं करत करत अठराही गट एका झाडात बांधायचे. झाड उलटं असतं, पानं खाली. दोन फांद्या ज्या उंचीवर जुळतात तो सांधा. सांधा जितका खाली तितके ते गट सारखे. मग हव्या त्या उंचीवर झाड आडवं कापायचं की सात तुकडे मिळतात.

पहिल्यांदा तक्ता उलटवायला विसरले. अंतर काढणारं फंक्शन ओळी बघतं, रकाने नाही. त्यामुळे गटांऐवजी सगळ्या सदस्यांचं झाड निघालं. नऊशे पानं, खाली नुसता काळा पट्टा. काउंटरवरची (तिचं टेबल माझ्या टेबलाशेजारी आहे) मागून बघून म्हणाली, "काय गं, केस विंचरायचा ब्रश काढलायस का?"

चित्र मोठं करून त्या पट्ट्यात मी उगाच माझं नाव शोधलं. असणार कसं? मी कुठल्याच गटात नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

दुरुस्ती नाही. शोधली.

सकाळी खोली झाडली, खिडकी पुसली. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे पाहुणे होते. भांड्यांचा आवाज आणि हसणं जिन्यातून वर येत होतं. मी चहा केला. मग लक्षात आलं की दोन कप मांडले. एक परत फडताळात ठेवला.

दुपारी बाबांचा फोन. ते आता दादाकडे असतात. मी कामाचं सांगितलं. संच, सामाईक भाग, झाड. त्यांना लगेच कळलं.

"म्हणजे आत्याच्या बटणांचा खेळ," ते म्हणाले.

आत्याच्या शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलावर ओतून बाबा दोऱ्याची कडी करायचे. लाल बटणं एका कडीत, चार भोकांची दुसऱ्या कडीत. लाल आणि चार भोकांचं निघालं की दोन्ही कड्या एकमेकींवर सरकवायच्या.

"आठवतं ना, तू रडली होतीस?"

"नाही."

"रडली होतीस. एकच बटण होतं मधल्या जागेत. तू म्हणालीस, हे रात्री कुणाकडे झोपणार?"

मी म्हटलं, दादा रडला असेल. बाबा म्हणाले, दादाने ते बटण गिळलं होतं, ते प्रकरण वेगळं.

मग त्यांनी विचारलं, "जेवायला कुणी असतं का गं सोबत?"

मी म्हटलं, "असतात ना लोक." हे खोटं नाही. कॅन्टीनमध्ये लोक असतात.

मंगळवार, १० सप्टेंबर

दुरुस्ती: बटण दादाने गिळलं नव्हतं, तोंडात धरलं होतं. बाबांनी आज मुद्दाम निरोप पाठवून कळवलं. पद्धत त्यांनीही सोडलेली नाही.

आज वाचन-गट. एप्रिलमध्ये सगळ्या गटांची हजेरी मोजायला मला पाठवलं होतं, प्रत्येक गटाकडे एकदा. या खोलीत मात्र मी मंगळवारी संध्याकाळी येतच राहिले आहे. एका दिवसाच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये, पडताळणी लागते. माणसं दर वेळी पाचच असतात. मी भिंतीशी, खिडकीच्या कट्ट्यावर बसते, म्हणजे मधे येत नाही.

इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. प्रूफवाल्या आजी मोठ्याने वाचतात. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे छपाईची चूक आली की थांबून पुस्तकाला रागावतात. भूमापक काकांची नजर जवळजवळ गेली आहे. हा गट मुळात त्यांच्यासाठीच निघाला. थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी, आणि बेकरीवाले काका. ते खुर्च्या मांडतात. सध्या एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणी चालू आहेत.

मी आत गेले तशी धाकटीने पिशवी सहाव्या खुर्चीवरून उचलून खाली ठेवली. बहुधा आतून काही काढायचं असेल. काढलं मात्र काही नाही.

"ये गं आकडेताई," बेकरीवाले काका म्हणाले. "मोज आम्हाला. कोणी कमी झालंय का बघ."

"असं अभद्र बोलू नका," थोरली म्हणाली.

"अभद्र काय त्यात? या वयात हजेरी म्हणजे बातमी असते."

आजींचा आवाज बसला होता. दोन पानांतच खोकला आला. पुस्तक माझ्याकडे धरून म्हणाल्या, "तुझे डोळे तरुण आहेत. वाच."

मी उभ्यानेच चार पानं वाचली.  मग भूमापक काका म्हणाले, "वाक्याचा शेवटचा शब्द गिळतेस तू. रखवालदार जिना चढतोय आणि तू त्याला शेवटच्या पायरीवरून ढकलतेस."

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. पुन्हा कधी वाचायला सांगणार नाहीत.

जाताना धाकटीने रोजचंच विचारलं, "तुझं सदस्यपत्र भरलंस का?"

मीही रोजचंच सांगितलं, "मी कामासाठी येते, काकू."

"बरं," ती म्हणाली. "कामासाठी ये. पण ये."

गुरुवार, १२ सप्टेंबर

दुरुस्ती: धाकटी 'कामासाठीच ये' म्हणाली असेल. 'च' होता की नाही ते आठवत नाही. म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

झाड झालं. आणि त्यात जे दिसलं ते लिहायला हवं.

दोन संच किती जवळ हे मोजण्याची दोन मापं माझ्यापुढे होती. पहिल्यात सामाईक माणसांना दोन्ही गटांतल्या एकूण माणसांनी भागायचं. दुसऱ्यात सामाईक माणसांना फक्त लहान गटाच्या संख्येने भागायचं. येणारा भागाकार एकातून वजा केला की अंतर. मॅडमचा प्रश्न असा होता की कुठला गट दुसऱ्यात मिसळला तर त्याच्या माणसांना नवीन कुठे जावं लागणार नाही. त्याला दुसरं माप योग्य. लहान गटातली सगळी माणसं मोठ्यात आधीच असतील तर अंतर शून्य.

वाचन-गटातले पाचही जण ज्येष्ठ मंडळात आहेत. ज्येष्ठ मंडळात दोनशे बारा. पाच भागिले पाच, एक, अंतर शून्य. अठरा गटांत शून्य उंचीवरचा सांधा एकच आहे आणि तो हा.

मग पहिल्या मापाने करून पाहिलं. पाच भागिले दोनशे बारा. वाचन-गट झाडाच्या पार टोकाला, सगळ्यात शेवटी जोडला जाणारा, कुणाचाच नसलेला. त्याच दोन गटांबद्दल दुसरं माप म्हणतं, हे एकच आहेत. पहिलं म्हणतं, यांचा काही संबंध नाही. गणित दोन्हींत बरोबर आहे, तीनदा तपासलं.

आता मला भीती वाटते ती याची, की पहिलं माप मी का करून पाहिलं? प्रश्नाला दुसरं योग्य होतं. बुद्धिबळाचा गट शून्यावर आला असता तर मी पहिलं माप काढलं असतं का?

नसतं काढलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दुरुस्ती: तीनदा नाही, दोनदा तपासलं होतं. तिसरी वेळ आज.

काउंटरवरचीला सहज विचारलं, ज्येष्ठ मंडळाची नोंदणी कशी होते? ती म्हणाली, "होते कसली? साठी झाली की सिस्टिम आपोआप नाव टाकते. माझ्या सासूबाईंचं पण आहे. त्यांना वाटतं ज्येष्ठ मंडळ म्हणजे काहीतरी आजार आहे."

म्हणजे हे पाच जण त्या गटात गेले नाहीत. त्यांना घातलं गेलं. शून्य हा आकडा त्यांच्या आवडीतून आलेला नाही, वयातून आला आहे. हे अहवालात लिहिलंच पाहिजे, आणि हे माझ्या मनाचं नाही, कोणीही तपासू शकेल. दिवसभर बरं वाटलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

दुरुस्ती: शुक्रवारी 'दिवसभर बरं वाटलं' असं लिहिलं. दुपारपर्यंत.

आज मॅडमना दोन्ही झाडं दाखवली आणि आपोआप नोंदणीचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत. टेबलावर दुरुस्तीवाल्यांचे कागद पसरले होते आणि त्या सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

"आपोआप नोंदणी सगळ्यांनाच लागू आहे ना?" त्या म्हणाल्या. "विणकामात निम्म्या बायका साठीच्या पुढच्या आहेत. पण विणकाम शून्यावर नाही, कारण बाकीच्या निम्म्या तरुण आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"मग नियम एकच ठेवू. ज्याचा सांधा शून्यावर, तो गट सरळ विलीन, चर्चा नाही. शून्याच्या वर कितीही असो, त्या गटाला शुक्रवारच्या, सत्तावीसच्या बैठकीला बोलवायचं आणि त्यांचं ऐकायचं. ठीक?"

"विलीन म्हणजे त्यांचं वाचन?"

"ज्येष्ठ मंडळाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं देऊ. मोठ्या सभागृहात, माइकवर. जास्त लोक ऐकतील."

त्या सभागृहात आवाज घुमतो. भूमापक काकांना पाच माणसांच्या खोलीतसुद्धा कान पुढे करावा लागतो. मी तसं म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ, मला ती माणसं नकोशी नाहीत. पण जो गट पूर्णपणे म्हाताऱ्यांचा आहे आणि म्हाताऱ्यांचं मंडळ आपल्याकडे आहे, त्याला वेगळी खोली का, हे मी वर कसं सांगू? तिथे साठीच्या आतलं एक माणूस तरी येतं का?"

"नोंदणीत नाही."

"नोंदणीचं मला दिसतंय. तुला माहीत असलेलं विचारते. येतं का कोणी?"

मी म्हटलं, "नाही."

त्या म्हणाल्या, "मग झालं," आणि सफरचंद खायला घेतलं.

मी बरोबर उत्तर दिलं असं मला वाटतं. त्या गटाला म्हणून कोणी येत नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दुरुस्ती सुचत नाही.

आज वाचन-गटाला गेले नाही. ज्यांच्या गटाचा निकाल माझ्या हातून लागतो आहे त्यांच्यात जाऊन बसणं बरोबर नाही. घरी काही वाटायचं असलं की बाबा सांगायचे, ज्याला त्यातलं काही हवंय त्याने सुरीला हात लावायचा नाही. नोकरीच्या नियमातही तेच आहे, मी आज काढून वाचलं: कर्मचाऱ्याला कुठल्याही गटाचं सदस्य होता येतं, पण मग त्या गटाशी संबंधित कामातून बाजूला व्हावं लागतं. मी सदस्य नाही, म्हणून बाजूला व्हायचा प्रश्न नाही. सगळं नियमात आहे.

सहा वाजता घराकडे निघाले. पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीत दिवा होता. रस्त्याच्या पलीकडे बसथांब्यावर थोडा वेळ थांबले. मला बस लागत नाही, मी चालतच जाते. खिडकीचा कट्टा रिकामा दिसत होता, तिथे कोणीतरी पाण्याचा जग ठेवला होता.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुरुस्ती: मंगळवारी 'थोडा वेळ' लिहिलं. तीन बसेस गेल्या.

अहवाल टंकून झाला. शेवटच्या भागात झाडाच्या सात तुकड्यांची नावं आहेत. कोड नीटनेटका आहे, प्रत्येक ओळीवर टीप आहे. पुढच्या कोणालाही कळेल. पहिलं माप मी जोडपत्रात टाकलं आहे, जोडपत्र कोणी वाचत नाही.

काउंटरवरची म्हणाली, "अगं, तुझ्या त्या म्हाताऱ्यांपैकी एक बाई आली होती परवा. पिशवीवाली. विचारत होती, आकडेताई आजारी आहे का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आजारी नाही, तोंड पाडून बसलीय. खोटं कशाला सांगू?"

"बाकी काही म्हणाली?"

"कोरं सदस्यपत्र घेऊन गेली. म्हटलं, तुम्ही तर आधीच सदस्य आहात. म्हणाली, असू दे, एक जास्तीचं लागतं."

एक जास्तीचं कशाला लागेल? कदाचित गटात नवीन कोणी येणार असेल. तसं झालं तर बरंच आहे. तो साठीच्या आतला असेल तर अंतर शून्य राहणार नाही. पण नोंदणी ऑगस्टअखेरची धरली आहे, त्यामुळे उपयोग नाही. आणि मी असा विचार करणंसुद्धा योग्य नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

दुरुस्ती: धाकटीने पत्र परवा नेलं नाही, गुरुवारी नेलं. काउंटरवरची सगळ्याला परवा म्हणते.

बाबांना फोन केला. एरवी तेच करतात.

मी विचारलं, "एखाद्याने प्रश्नाचं उत्तर नियमाप्रमाणे बरोबर दिलं, पण विचारणाऱ्याला कळलं ते चूक, तर दुरुस्ती कोणी लिहायची?"

"तू कोणाबद्दल बोलतेयस?"

"एका सहकाऱ्याबद्दल."

 मागे दादाच्या घरात कोणीतरी नळ सोडला होता.

"त्या सहकाऱ्याला सांग," ते म्हणाले, "की बटणं मोजताना मी तुम्हाला दोघांना टेबलावरून हात काढायला लावायचो. बोटांखाली एखादं राहतं."

मला वाटलं त्यांनी विषय बदलला. मग म्हणाले, "आणि दोन कप मांडत जा. पाहुणा आला नाही तर दोन्ही तू पी." कपांचं मी त्यांना सांगितलं होतं हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

दुरुस्ती नंतर लिहिते.

आज गेले. विलीनीकरणाचं त्यांना सांगायला गेले होते, कारण बैठकीनंतर ते फळ्यावर वाचणं वाईट. मॅडमना विचारूनच गेले.

बेकरीवाले काका खुर्च्या मांडत होते. सहा. मी आत गेले, धाकटीने पिशवी उचलून खाली ठेवली. मी कट्ट्याकडे वळले, पण तिथे अजून तो पाण्याचा जग होता आणि शेजारी पेले.

"तिथे आता पाणी असतं," आजी म्हणाल्या.

मी उभी राहिले. आजींनी पुस्तक उघडलं. खूण होती तिथून वाचायला लागल्या आणि मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. रखवालदार जिना चढून वर पोचतो, ते. दहा तारखेला मी वाचलेलं शेवटचं वाक्य.

मी म्हटलं, "मागच्या मंगळवारी वाचन झालं नाही का?"

"झालं की," भूमापक काका म्हणाले. "मागची प्रकरणं पुन्हा वाचली. पुढे कसं जाणार? तो वर चढला त्यानंतर काय झालं ते तुला कळलं नसतं."

"माझ्यासाठी थांबायचं नव्हतं."

"थांबलो कुठे?" थोरली म्हणाली. "वाचलं ना मागचं. यांना तिसऱ्यांदा ऐकूनही वादळ कुठल्या बाजूने आलं ते समजलं नाही."

"पश्चिमेकडून," काका म्हणाले. "मी जन्मभर दिशा मोजल्या आहेत, मला शिकवू नकोस. आणि तू बस गं. सहा महिने तुझा आवाज भिंतीकडून येतोय. मला दिसत नाही, वाटतं भिंतच उसासे टाकते."

"पण ती खुर्ची," मी म्हटलं, "पिशवीची ना?"

 बेकरीवाले काका दुसरीकडे बघून मिशी चोळायला लागले. धाकटी म्हणाली, "अगं, माझी पिशवी इतकी वर्षं जमिनीवरच बसते. जागा धरायला ठेवते मी ती. नाहीतर हे काका सहावी खुर्ची मांडली की परत नेऊन ठेवतात, म्हणतात तिला नको असेल तर कशाला."

"मी दोनदाच नेली," काका म्हणाले. "मे महिन्यात."

मी बसले. खुर्चीचा डावा पाय थोडा तोकडा आहे, डुगडुगते. आजींनी चाळीस पानं वाचली असतील. मी एकही शब्द ऐकला असं म्हणता येणार नाही.

संपल्यावर मी विलीनीकरणाचं सांगितलं. सभागृह, माइक, दहा मिनिटं. भूमापक काकांनी मान हलवली आणि हात कुठे ठेवावा ते न कळून गुडघ्यावर ठेवला. म्हणाले, "माइकवर मला सगळं एकाच दिशेने ऐकू येतं." एवढंच. कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

धाकटीने पिशवीतून सदस्यपत्र काढून दिलं. घडी पडली होती. वर गटाचं नाव तिने आधीच लिहून ठेवलं होतं, बाकी सगळं कोरं. "आता कशाला," मी म्हटलं, "आता खोलीच जाणार."

"खोलीचं सदस्यपत्र नाहीये ते," ती म्हणाली.

बुधवार, २५ सप्टेंबर

दुरुस्ती, क्रमाने.

४ सप्टेंबर: सहावी खुर्ची पिशव्यांसाठी, हे चूक.

१० सप्टेंबर: मी पडताळणीसाठी येते, हे चूक. पाच माणसं आहेत हे मला मे महिन्यातच पक्कं कळलं होतं. आणि माणसं दर वेळी पाचच, हेही चूक. एप्रिलपासून मंगळवारी त्या खोलीत सहा माणसं होती.

१६ सप्टेंबर: साठीच्या आतलं कोणी येतं का, याला मी नाही म्हटलं. हे चूक. हे बाकीच्या सगळ्या चुकांसारखं नाही, हे मला लिहितानाही कळत होतं.

आज सकाळी कोऱ्या फाइलमध्ये एकच बेरीज केली, तक्त्याला हात लावला नाही. सामाईक पाच, लहान गटात सहा. अंतर एक षष्ठांश. शून्य नाही. झाडावर तो सांधा जमिनीपासून वीतभर उचललेला दिसेल. नियमाप्रमाणे त्यांना बैठकीला बोलवावं लागेल आणि त्यांचं ऐकावं लागेल. खोली मिळेल असं नाही. विणकामवाल्या चाळीस आहेत आणि त्यांना बोलता येतं. पण भूमापक काका स्वतः सांगू शकतील, माइकवर काय होतं ते.

आणि ही बेरीज मी अहवालात घालू शकत नाही. मी सहावी असेन तर सुरी माझ्या हातात नको. नोंदणी ऑगस्टअखेरचीच धरायची की एप्रिलपासून प्रत्यक्ष येणारं माणूस मोजायचं, हे मॅडमनी ठरवावं, आणि झाड दुसऱ्या कोणीतरी पुन्हा काढावं. कोडवर टिपा आहेत, काढता येईल. ज्या कामावर मला कायम करणार होते ते काम माझं राहणार नाही. शिवाय मी सोळा तारखेला त्यांच्या तोंडावर चुकीचं उत्तर दिलं हेही त्यांना सांगावं लागेल, आणि ते ऐकून त्या चष्मा काढतील. त्याचीच भीती जास्त वाटते, नोकरीपेक्षाही.

दुपारी बाबांना निरोप पाठवला: सहकाऱ्याने बोटांखालचं बटण बघितलं. त्यांचं उत्तर आलं: रंग कुठला?

सदस्यपत्र भरलं. वय, पत्ता, कधीपासून येता. तिथे आधी 'सप्टेंबर' लिहिलं, मग खोडून 'एप्रिल' केलं. खाडाखोडीवर सही केली. चहाचे दोन कप मांडले आणि दोन्ही प्याले. दुसरा गार झाला होता.

काउंटर नऊ वाजता उघडतो, मॅडम साडेनऊला येतात. आधी पत्र काउंटरवर द्यायचं, शिक्का मारून घ्यायचा, मग त्यांच्या खोलीत जायचं, आणि दार लावायच्या आतच पहिलं वाक्य बोलायचं, नाहीतर मी हवापाण्यावर बोलत बसेन. वाक्य असं: "मॅडम, सोळा तारखेचं माझं उत्तर चुकीचं होतं, तिथे मी येते." शेवटचा शब्द गिळायचा नाही.

उद्या. गुरुवार, २६ सप्टेंबर.